खारपाणपट्ट्यातील घरासाठी मासे निवडताना

अमरावतीहून बदली होऊन जाताना माझ्या मेहुण्यांनी आपली दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच अशी काचेची टाकी दर्यापूर तालुक्यातील आमच्या गावी पाठवून दिली. सोबत हवेचा पंप, स्पंजचा फिल्टर, काचेचे झाकण आणि थैलीभर रेती होती. मासे कोणते ठेवायचे हे त्यांनी आमच्यावर सोडले होते. घरात त्याची उत्तरे ताबडतोब तयार झाली. पत्नीला गोल्डफिश हवे होते, धाकट्या मुलाला दुकानात ‘शार्क’ म्हणून मिळणारा करड्या रंगाचा मासा हवा होता, आणि शेजारच्या काकूंच्या मते आठ सोनेरी व एक काळा असे नऊच मासे ठेवायला हवेत, कारण घरावर येणारे संकट तो काळा मासा आपल्या अंगावर घेतो. मी शाळेत विज्ञान शिकवतो, एवढ्या एका कारणावरून निवडीचे काम माझ्याकडे आले आणि मी त्याची सुरुवात नळापासून केली.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या भागात, आमचे गाव आहे. येथे बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि तांब्याच्या घागरीवर पांढरा थर चढतो, त्यामुळे पाणी जड असणे म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. पिण्यासाठी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शहानूर धरणाचे पाणी नळाने येते, तेही दिवसाआड. म्हणजे माझ्यासमोर दोन पाणी होती, आणि गावातील आरओ केंद्रावरचे कॅनचे पाणी धरले तर तीन. आरओ दुरुस्त करायला येणाऱ्या मुलाकडे टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजण्याची पेनासारखी एक नळी असते. ती त्याच्याकडून मागून घेऊन मी तिन्ही पाणी तपासली. बोअरचा आकडा २४०० च्या पुढे गेला, नळाचा साडेतीनशेच्या आसपास राहिला आणि कॅनचा पन्नासही भरला नाही. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकार्य मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० मिलिग्रॅम दिलेली आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आमचे बोअर कोठे बसते ते कळते. पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणाऱ्या पीएचच्या कागदी पट्टीवर नळाचे पाणी आठच्या जवळ, म्हणजे किंचित अल्कधर्मी, आले. थोडक्यात, नळाचे पाणीसुद्धा मऊ म्हणावे असे नव्हते, परंतु वापरण्याजोगे होते.

दुकानांत आणि ओळखीच्या हौशी लोकांत अशा वेळी आरओचे पाणी भरा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मला पटला नाही. ज्या पाण्यातून जवळजवळ सगळे क्षार काढून टाकलेले आहेत, त्यात पीएच धरून ठेवणारा आधारच उरत नाही. तो काही दिवसांत घसरतो, आणि माशाला शरीरातील मीठ सांभाळण्यासाठी अधिक कष्ट पडतात. शिवाय ज्या गावात कॅनसाठी सकाळी रांग लागते, तेथे दर आठवड्याला माशांसाठी कॅन उचलून आणणे मला बरे दिसले नसते. पाणी बदलून माशाच्या सोयीचे करण्याऐवजी आहे त्या पाण्याला सोसेल असा मासा आणावा, असे मी ठरवले आणि पुढची सगळी निवड याच एका कसोटीवर केली.

ही कसोटी लावायला सुरुवात केली तेव्हा एक उत्तर अंगणातच होते. आमच्या घरामागे गुरांना पाणी पाजण्यासाठी आणि धुण्यासाठी सिमेंटचा हौद आहे. तो बोअरच्याच पाण्याने भरतो. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्यसेवकाने मागे एका पावसाळ्यात त्यात गप्पी मासे सोडले होते. त्यानंतर त्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते. त्यांना कोणी दाणे घातले नाहीत, हवेचा पंप लावला नाही, आणि मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा हौदाचे पाणी काही थंड राहत नाही. तरीही त्यांची संख्या वाढतच गेली होती. गप्पी हा त्रिनिदाद आणि दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातील मासा आहे, त्याला जड आणि किंचित खारट पाणी चालते, हे पुस्तकातून कळते. आमच्याच पाण्यात, आमच्याच उन्हाळ्यात तो टिकतो, याचा दाखला मात्र हौदाने दिला होता.

त्याच कुळातील, अंडी न घालता थेट पिल्ले देणारे मोली, प्लॅटी आणि स्वोर्डटेल हे मासेही जड, अल्कधर्मी पाण्यातच चांगले राहतात. मोली तर मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या किनाऱ्याकडील असल्याने मऊ पाण्यात त्यालाच त्रास होतो. तो जागच्या जागी थरथरत, डुलत पोहू लागतो. याउलट नवख्या माणसाला सर्वांत आधी भुरळ घालणारा, निळ्या-लाल पट्ट्याचा निऑन टेट्रा अॅमेझॉनच्या खोऱ्यातील मऊ आणि आम्लधर्मी पाण्यातला आहे. हल्ली तो शेतावर पैदास होऊन येतो आणि पूर्वीइतका नाजूक राहिलेला नाही, असे अमरावतीच्या दुकानदाराने सांगितले, आणि ते खरेही असेल. पण नवीन टाकी, आठच्या जवळचा पीएच आणि विदर्भाचा उन्हाळा या तिन्ही गोष्टी त्याच्यावर एकदम लादणे मला पटले नाही. निऑन वगळला.

गोल्डफिशबद्दल घरात अधिक वेळ बोलावे लागले, कारण जड पाणी त्याला चालते आणि तो कणखर म्हणून प्रसिद्ध आहे. अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. आमच्या टाकीचे माप दोन घनफूट, म्हणजे काठोकाठ भरली तर सुमारे ५६ लिटर. रेती आणि वरची मोकळी जागा वजा केली की हाती ४५ लिटर पाणी राहते. दुकानात बोटाएवढा दिसणारा गोल्डफिश नीट वाढला तर वीतभर होतो, भरपूर खातो आणि तेवढीच घाण करतो. त्यातून तो थंड पाण्याचा मासा आहे. वीस अंशांच्या आसपास त्याला बरे वाटते. पाणी तापते तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होत जातो: २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना साडेसात. म्हणजे ज्या महिन्यात माशाला अधिक प्राणवायू लागतो, नेमक्या त्याच महिन्यात पाण्यात तो कमी असतो. ४५ लिटरमध्ये नऊ गोल्डफिश ठेवणे हेच त्या घरातले पहिले संकट ठरेल आणि ते अंगावर घ्यायला एक काळा मासा पुरणार नाही, असे मी काकूंना सांगितले. त्या हसल्या, पण त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

मुलाच्या ‘शार्क’चा निकाल लवकर लागला. दुकानात चार इंचांचा असताना विकला जाणारा हा मासा वास्तविक पंगस आहे. बाजारात खाण्यासाठी कापून विकतात तोच. तो मीटरभर वाढू शकतो, हे ऐकल्यावर मुलाने स्वतःच टाकीची लांबी वितेने मोजून पाहिली आणि विषय संपवला. काच साफ करतो म्हणून गळ्यात मारला जाणारा सकर फूटभर होतो आणि स्वतःच सर्वाधिक घाण करतो. एंजलला उंच टाकी लागते आणि मोठा झाल्यावर तो लहान मासे गिळतो, टायगर बार्ब दुसऱ्यांच्या लांब शेपट्या कुरतडतो, ऑस्कर आणि फ्लॉवरहॉर्न यांना ही टाकी म्हणजे तोंड धुण्याचे भांडे. विडो टेट्राला गुलाबी, हिरवा, जांभळा रंग देऊन विकतात. तो रंग निसर्गाचा नसतो आणि काही महिन्यांत उतरतो. फायटर मात्र मला मोह घालून गेला. तो पृष्ठभागावर येऊन हवेतील प्राणवायू घेऊ शकतो, त्यामुळे वीज गेली तरी तग धरतो, आणि आमच्याकडे मृगाआधीच्या वाऱ्यावादळात गावठाण फीडर रात्रभर बंद राहणे हे काही नवलाचे नाही. परंतु नर फायटर आणि लांब शेपटीचे गप्पी एकत्र ठेवले तर भांडण ठरलेलेच. एकट्या फायटरसाठी पूर्ण टाकी देण्यास घरात कोणी तयार नव्हते.

झेब्रा डॅनिओचा विचार मी बराच केला. तो आपल्याच देशातील, गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला मासा. चपळ, स्वस्त आणि थंडी-उष्णता दोन्ही सोसणारा. त्याला निदान सहाच्या घोळक्याने ठेवावे लागते आणि तो सतत पळत असतो, त्यामुळे संथ गप्पींच्या तोंडचा दाणा तोच पळवतो. टाकी तीन फुटांची असती तर मी त्याला नक्की घेतले असते.

मासे ठरत होते त्या काळात टाकी नुसत्या पाण्याने भरून ठेवली होती. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या दाण्यांतून अमोनिया तयार होतो; स्पंजवर आणि रेतीवर वाढणारे जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात आणि दुकानदार ही गोष्ट सहसा सांगत नाही. आमच्यासारख्या पाण्यात ही घाई अधिक महागात पडते. २५ अंशांच्या पाण्यात पीएच सात असेल तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो, तोच पीएच आठ असेल तर सुमारे पाच टक्के. म्हणून मी रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर दाणे टाकत राहिलो आणि थेंबांच्या किटने अमोनिया तपासत राहिलो. परीक्षानळीतील पाणी आधी पिवळे असे, मग हिरवट होत गेले, गर्द हिरवे झाले आणि पुढे हळूहळू पुन्हा पिवळ्यावर आले. नायट्राइटचा रंग त्यानंतर उतरला. घरात येणारा प्रत्येक जण ‘गुरुजी, मासोया कुठी हायेत?’ असे विचारून जात होता.

नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, म्हणून टाकीसाठीचे पाणी आदल्या दिवशी उघड्या ड्रममध्ये भरून ठेवण्याची सवय याच काळात लागली. चोवीस तासांत त्यातील क्लोरीन उडून जातो.

पहिले मासे मी दुकानातून आणले नाहीत. हौदातलेच घेतले, आणि तेही फक्त नर. गप्पीची मादी महिनाभरात पिल्ले देते आणि एकदा नराशी संग झाला की पुढे कित्येक महिने नराशिवायही देत राहते, त्यामुळे ‘फक्त माद्या आणू’ हा उपाय चालत नाही. नर ओळखणे अवघड नसते. पोटाखाली, मागच्या बाजूला असलेला पर मादीत पंख्यासारखा पसरट असतो, तर नरात तो काडीसारखा टोकदार होऊन शेपटीच्या दिशेने मागे वळलेला असतो. पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात एकेक मासा घेऊन आणि चष्मा सारखा करून मी सहा नर वेगळे काढले. हौदाच्या मिठाळ पाण्यातून नळाच्या पाण्यात त्यांना एकदम टाकले असते तर धक्का बसला असता, म्हणून त्याच डब्यात टाकीचे पाणी वाटीवाटीने घालत दुपार घालवली. हौदातील अळ्या किंवा शेवाळ टाकीत जाऊ नये म्हणून मासे जाळीने उचलून सोडले आणि डब्यातील पाणी कडुलिंबाच्या आळ्यात ओतले.

हौदात वरून पाहताना हे मासे म्हणजे मातकट पाठीच्या काड्या दिसत, आणि घरातल्या कोणालाही त्यांच्याबद्दल उत्सुकता नव्हती. काचेच्या बाजूने ते प्रथमच दिसले. प्रत्येक नराच्या कुशीवर नारिंगी ठिपका होता, पण दोघांचा सारखा नव्हता. एकाचा शेपटीच्या मुळाशी, दुसऱ्याचा पोटावर लांबट, तिसऱ्याला त्याच्या शेजारी काळा टिंब. खिडकीचे ऊन तिरपे आले की त्यांच्या मधल्या भागावर निळसर झाक येत असे, आणि मासा वळला की ती नाहीशी होत असे. मुलाने सहाही जणांची चित्रे वहीत काढली, ती ओळखण्यासाठी.

हे सहा जण नीट खाऊ-पिऊ लागल्यानंतर आणि अमोनिया पुन्हा वर जात नाही अशी खात्री झाल्यानंतरच मी अमरावतीला गेलो. आणायच्या होत्या तीन काळ्या मोली, एक नर आणि दोन माद्या. नरांची संख्या जास्त झाली तर ते मादीला उसंत देत नाहीत. विकायचे मासे मुख्यतः चेन्नई, कोलकाता आणि मुंबईकडून थर्मोकोलच्या पेट्यांतून येतात, आणि प्रवासाने थकलेला मासा पहिल्या आठवड्यातच आजारी पडतो, म्हणून माल कधी आला हे मी आधी विचारले. ‘परवाच आला, एकदम ताजा हाय,’ असे उत्तर एका दुकानात मोठ्या कौतुकाने मिळाले आणि मी तेथून पुढे गेलो. भाजी ताजी बघावी, मासा मात्र मुरलेला. दुसऱ्या दुकानातील मोली दहा-बारा दिवस तेथे होत्या. मी दुकानदाराला दाणे टाकायला सांगितले. जे मासे वर येऊन खाऊ लागले त्यांचेच पर उघडे आहेत का, पोट खपाटीला गेलेले नाही ना, अंगावर मिठाच्या कणासारखे पांढरे ठिपके नाहीत ना, हे पाहिले. काळ्या माशावर पांढरे ठिपके लपत नाहीत, हा मोलीचा आणखी एक फायदा. त्याच टाकीत एखादा मासा मरून तळाशी पडलेला असेल तर त्या टाकीतील सर्वच मासे नाकारायचे, असे ठरवून गेलो होतो. तशी वेळ आली नाही.

दुकानदाराने पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरून दिला. ही खरेदी मी मुद्दाम फेब्रुवारीत केली, कारण एसटीच्या खिडकीपाशी मे महिन्यात पिशवीतले पाणी किती तापेल याचा अंदाज आम्हा वऱ्हाडी माणसांना असतोच. घरी आल्यावर मोलींना तीन आठवडे वेगळ्या टबमध्ये ठेवले आणि मगच गप्पींच्या सोबतीला सोडले. टाकी यापेक्षा भरायची नाही, असे घरात जाहीर केले. त्यात एक तरी काळा मासा आला म्हणून शेजारच्या काकू निश्चिंत झाल्या.

उन्हाळ्यासाठी केलेली तयारी निवडीचाच भाग होती, म्हणून तिचाही उल्लेख करतो. टाकी खिडकीपासून हलवून कूलरच्या खोलीत ठेवली, पण कूलरची हवा थेट तिच्यावर येणार नाही अशी. वीज गेल्यावर आपोआप सुरू होणारा बॅटरीचा हवेचा पंप घेतला. पाण्याचे तापमान दुपारी ३१-३२ अंशांच्या वर गेले नाही, आणि तेवढे गप्पी व मोली दोघांनाही सोसते. गोल्डफिशला ते सोसले नसते. थंडीत मात्र मोलीसाठी ५० वॉटचा हिटर रात्री लावावा लागतो.

मे महिन्यात झाकण असूनही टाकीतले पाणी झपाट्याने आटते. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. वरून पुन्हा नळाचेच पाणी ओतत राहिले तर टाकीचे हळूहळू बोअर होऊ लागते. येथे मात्र आरओचे पाणी कामाला आले. आटलेली पातळी भरून काढण्यासाठी कॅनचे पाणी, आणि आठवड्याला पाव टाकी पाणी बदलण्यासाठी ड्रममधले नळाचे, अशी वाटणी मी केली. आरओवाल्या मुलाची ती नळी अधूनमधून बुडवून पाहतो. आकडा चारशेच्या आसपास राहतो.

मोलींची पिल्ले होऊ लागली आहेत. बरीचशी मोठे मासेच खातात, काही रेतीच्या कोपऱ्यात वाचतात. ती आमच्याकडच्या चंद्रभागा नदीत सोडून द्या, पुण्य लागेल, असे सुचवणारे लोक आहेत. परक्या देशाचा मासा नदीत सोडला की तेथील मासोळीच्या अन्नात आणि जागेत तो वाटेकरी होतो, म्हणून ते मी करत नाही. हौदातही टाकत नाही, कारण पावसाळ्यात हौद भरून वाहिला की त्याचे पाणी नाल्याला मिळते आणि नाला नदीला. पिल्ले बोटाच्या पेराएवढी झाली की अमरावतीचा तोच दुकानदार ती ठेवून घेतो आणि बदल्यात दाण्यांची एक पुडी देतो.